आधी वाजवा, मग बोला

घरातली बातमी बाहेरच्या माणसाच्या तोंडून कळली, की ती सहसा चांगली नसते. रविवारी दुपारी हॉटेलातलं वादन आटोपून घरातली धाकटी लेक आपला चेलो पेटीत ठेवत होती, तेव्हा मॅनेजर जवळ येऊन उभा राहिला. सहा वर्षं ती दर रविवारी तिथे जेवणाच्या वेळी दोन तास वाजवत होती, आणि सहा वर्षांत तो तिची पेटी बंद होईपर्यंत कधी थांबला नव्हता. त्यानं आधी हवेचं काढलं, मग तिच्या वडिलांच्या गुडघ्याचं. मग म्हणाला, की तुमचं घरचं मंडळ नव्या टॉवरच्या उद्घाटनाला वाजवतंय म्हणे, तेही मानधन न घेता, मोठं मन आहे बुवा तुमचं.

धाकटीनं सांगितलं, की तिला यातलं काही माहीत नाही. मॅनेजरनं कोटाच्या खिशातून निमंत्रणपत्रिका काढून तिच्यापुढे धरली. जाड कागद, सोनेरी कडा, आणि खाली बारीक अक्षरांत त्यांच्या मंडळाचं नाव होतं.

"आमचे मालक विचारत होते," तो म्हणाला, "टॉवरवाल्यांना जे फुकट मिळतं, ते आपण दर रविवारी विकत का घ्यायचं?"

हे बोलताना त्याला आनंद होत होता असं नाही. तोही पगारी माणूस, मालकाचं वाक्य पोहोचवत होता. बुधवारपर्यंत काय ते कळवतो, म्हणाला. धाकटीनं पेटीचे चारही खटके लावले, ती पाठीवर घेतली आणि घरची वाट धरली.

पाठीवर चेलो घेऊन तीन जिने चढताना माणसाचा राग एक तर दमतो, नाहीतर पिकतो. धाकटीचा पिकला. घरच्या मंडळात चौघं होती. दादा पहिलं व्हायोलिन, वहिनी दुसरं, बाबा व्हायोला आणि ती चेलो. दादा त्या टॉवरवाल्या बांधकाम कंपनीतच नोकरीला होता, वहिनी शाळेत शिकवत होती, बाबा पोस्टातून निवृत्त झाले होते. चौघांत पोट वाजवण्यावर होतं ते एकट्या धाकटीचं. बाकी तिघांना वादन हा जीव की प्राण होता, हे खरंच; पण जीव की प्राण असणं निराळं आणि त्यावर महिन्याचा किराणा भरणं निराळं. हा फरक त्या घरात कधी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, कारण त्या घरात बोलण्याआधी वाजवायची पद्धत होती.

ती पद्धत भिंतीवरच टांगलेली होती. मोठ्या खोलीत पियानो होता, त्यावर काचेच्या चौकटीत एक भरतकाम होतं. निळ्या रेशमानं, वळणदार अक्षरांत भरलेलं: आधी वाजवा, मग बोला. पणजीनं स्वतःच्या हातानं भरलेलं आणि पणजोबांनी स्वतःच्या हातानं टांगलेलं. घरातल्या प्रत्येक मुलाला अक्षरओळख झाली ती त्या चौकटीवरून. लहानपणी धाकटीला खाऊ हवा असला, तरी आधी वाजवा. दादाला सहलीला जायचं असलं, तरी आधी वाजवा. गुणी माणसानं आधी गुण दाखवावा, मागणं मागून करावं, असा तिचा अर्थ बाबा सांगत, आणि पाहुण्यांपुढे सांगताना त्यांचा आवाज जरा भरून येई.

धाकटी आत आली तेव्हा तिघंही त्या खोलीतच होती, स्टँड मांडून, गजाला राळ लावत. खिडकीपाशी आत्याआजी मटार सोलत बसली होती. ही बाबांची आत्या, वय चौऱ्याऐंशी. सबंध घरात एवढी एकच बाई काही वाजवत नसे. ती पानं उलटायची. वयाच्या अकराव्या वर्षापासून, आधी तिच्या वडिलांची, मग भावाची आणि मग घरात जो कुणी पियानोवर बसेल त्याची. पियानोच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, वाजवणाऱ्यानं मान हलवली की पान उलटायचं, आणि त्याआधी मुळीच उलटायचं नाही. एवढं एक काम तिनं सत्तर वर्षं केलं होतं आणि ते करताना तिच्याकडे कधीच कुणी पाहिलं नव्हतं.

"टॉवरचं मला केव्हा सांगणार होतात?" धाकटीनं पेटी न उतरवताच विचारलं.

दादानं राळेची वडी खाली ठेवली. वहिनीनं दादाकडे पाहिलं. बाबांनी मात्र राळ लावणं थांबवलं नाही, यावरून धाकटीला कळलं, की बाबांनाही आधीपासून माहीत होतं.

आजच सांगणार होतो, दादा म्हणाला. मग एकेक गोष्ट बाहेर आली. कंपनीचे साहेब लिफ्टमध्ये भेटले होते. तुमच्या घरात सगळे वाजवतात ना हो, असं त्यांनी सहज विचारलं. साहेबांनी दादाला नावानं हाक मारली ती नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत लिफ्टला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात दादानं चौघांचा होकार देऊन टाकला. मानधनाचं साहेबांनी विचारलंही होतं. तेव्हा दादा म्हणाला होता, घरचंच आहे साहेब, त्यात काय बोलायचं.

"घरचंच म्हणजे कुणाचं?" धाकटीनं विचारलं.

"अगं, बोलायची पद्धत असते."

"आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही पण बोलायचीच पद्धत आहे."

दादाचे कान लाल झाले. त्याची बाजू अगदीच लंगडी होती असं नाही. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, तीन माणसं तिच्यावर डोळा ठेवून होती, आणि त्या तिघांपैकी एकाच्याच बहिणीला चेलो येत होता. शिवाय उद्घाटनाला शहरातली सगळी बडी मंडळी येणार, कॅमेरे असणार. लोक बघतील, ऐकतील, पुढची कामं आपोआप चालत येतील. हे सगळं मी काय माझ्या एकट्यासाठी करतोय का, असं दादा म्हणाला, आणि म्हणताना वहिनीकडे पाहिलं.

वहिनी त्याच्याच बाजूची होती. दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती ती, आणि विभागप्रमुखाच्या पगारात तिसरी खोली बसत होती. तिनं धाकटीला समजावलं, की एका संध्याकाळचा प्रश्न आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. समजावताना तिचा आवाज शाळेतल्या मुलीशी बोलताना होतो तसा झाला, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

मग धाकटीनं पेटी उतरवून भिंतीला टेकवली आणि हॉटेलातलं सगळं सांगितलं. मालकाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, बुधवारचंही सांगितलं. तुमची एक संध्याकाळ म्हणजे माझे वर्षाचे बावन्न रविवार आहेत, असं ती म्हणाली.

"हे मला माहीत नव्हतं," वहिनी म्हणाली.

"माहीत करून घ्यायला एक फोन पुरला असता."

वहिनीनं पियानोवरचा एक कागद उचलला. कार्यक्रमवाल्यांनी वादकांसाठी पाठवलेल्या सूचना होत्या त्या. दादानं तो कागद आणून ठेवला होता आणि त्या घरात कुणीच अजून तो नीट वाचला नव्हता. वहिनी कागद वाचणारी बाई होती. शाळेत परिपत्रकं वाचून वाचून तिला तसली सवयच लागली होती. तिनं चष्मा लावला आणि ती मोठ्यानं वाचू लागली. वादकांनी काळे कपडे घालावेत. मागच्या दारानं यावं. पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलांकडे जाऊ नये. पिण्याचं पाणी स्वतःचं आणावं. वादन चार तास सलग असावं, आणि पाहुण्यांना एकमेकांशी बोलताना आवाज चढवावा लागणार नाही इतक्या हळू असावं.

"म्हणजे ओळख व्हावी म्हणून वाजवायचं," धाकटी म्हणाली, "पण कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं."

वहिनी पुढे वाचत होती. तिचा आवाज एका ओळीवर अडकला. ती ओळ तिनं मनात वाचली, मग पुन्हा मोठ्यानं वाचली. खुर्च्या भाड्यानं आणाव्या लागणार असल्यामुळे खर्च वाचवण्यासाठी शक्यतो उभ्यानं वाजवावं.

"गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो, तो उभ्यानं," ती म्हणाली. मग चष्मा काढून दादाला म्हणाली, "अरे, त्या खुर्चीलासुद्धा भाडं आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला नाही."

दादा म्हणाला, की ते कारकुनी भाषेत लिहिलेलं असतं, सांगितलं की खुर्च्या मिळतील. पण वहिनी त्याच्या शेजारच्या स्टुलावरून उठली आणि धाकटीच्या बाजूला पियानोला टेकून उभी राहिली. खोली ओलांडायला तिला तीन पावलं लागली असतील. दादानं ती तिन्ही मोजली, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

आता राहिले बाबा. इतका वेळ ते मूग गिळून बसले होते, म्हणजे खरं तर व्हायोलाच्या खुंट्या पिळत होते. ते बोलू लागले तेव्हा नेहमीसारखेच सावकाश बोलले. त्यांनी सांगितलं, की या घरानं सुराचा सौदा कधी केला नाही. आधी किती देणार ते सांगा मग गज उचलतो, ही बाजाराची भाषा झाली. माझ्या आजोबांनी ती केली नाही, वडिलांनी केली नाही, मी चाळीस वर्षांत केली नाही. माणसानं मन लावून वाजवावं, जगाला कान असतात.

धाकटीला वाटलं, गप्प बसावं. दर वेळी इथपर्यंत आलं की ती गप्प बसायची, कारण पुढे बोलायचं ते बाबांना लागणारं होतं. पण त्या दिवशी पाठीत अजून तीन जिन्यांची कळ होती.

"चाळीस वर्षं तुम्ही ओळखीसाठी वाजवलंत, बाबा. शाळांत वाजवलंत, दुकानांच्या उद्घाटनांत वाजवलंत, लोकांच्या पोरांच्या वाढदिवसांना वाजवलंत. रस्त्यात लोक तुम्हाला काय म्हणून ओळखतात?"

बाबांनी खुंटीवरचा हात काढला.

"पोस्टातले म्हणून," धाकटी म्हणाली. "अहो पोस्टातले, आमचं पार्सल आलं का, असं अजून विचारतात."

शब्द बाहेर पडल्या पडल्या तिला तो परत घ्यावासा वाटला. खोटं नव्हतं त्यात काही, म्हणून तर तो इतका लागला. बाबांचा चेहरा उतरला. दादा ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, उचलली जीभ लावली टाळ्याला, बापाशी बोलतेयस तू. बाबांनी त्याला हातानंच खाली बसवलं. मग गजाच्या टोकानं भिंतीवरची चौकट दाखवली.

"माझ्या आजोबांनी हे उगाच लिहून नाही ठेवलं," ते म्हणाले.

"त्यांनी नव्हतं लिहिलं," खिडकीतून आवाज आला.

आत्याआजी मधेच बोलली की घरात बहुधा कुणी लक्ष देत नसे. ती मटार किती निघाले ते सांगायची, किंवा खाली कुणाची गाडी लागली ते. या वेळी चौघांनीही तिच्याकडे पाहिलं. तिनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"लिहिलं नाही, म्हणालेही नाहीत," ती म्हणाली. "ते वाक्य त्या हॉटेलवाल्याचं आहे."

मग तिनं सांगितलं ते असं. ती अकरा वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे धाकटीचे पणजोबा, पियानो वाजवत. शहरात नवं मोठं हॉटेल उघडलं होतं आणि त्या हॉटेलवाल्यानं त्यांना बोलावलं. पानं उलटायला म्हणून ही सोबत गेली होती. पणजोबांनी टोपी हातात घेऊन विचारलं, की कामाचा मोबदला काय मिळेल. हॉटेलवाला बूट पुसून घेत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, आधी वाजवा, मग बोलू. पणजोबांनी वाजवलं. एक दिवस नाही, सबंध हंगाम, आठवड्यातले चार दिवस. पोरीनं रोज शेजारी उभं राहून पानं उलटली. हंगाम संपला तेव्हा पणजोबा पुन्हा टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि हॉटेलवाला एकदाचा बोलला. म्हणाला, आता सगळं शहर तुम्हाला ओळखतं, आणखी काय हवं?

"घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत," आत्याआजी म्हणाली. "आई दारातच उभी होती. काय म्हणाले मालक, असं तिनं विचारलं. तिनं दुकानदाराला सांगून ठेवलं होतं ना, आज देते म्हणून. तर हे म्हणाले, फार मोठा माणूस आहे, मला म्हणाला, आधी वाजवा, मग बोला. जशी काही शिकवणच दिली त्यानं. आईला ते इतकं आवडलं. आठ दिवस बसून तिनं ते भरलं. ते टांगताना खिळा मीच धरला होता."

सत्तर वर्षं ज्या वाक्याखाली बसून तीन पिढ्यांनी सूर जुळवले, त्यातली एक मात्रा फक्त बदललेली होती. बोलू म्हणणारा निघून गेला होता आणि बोला तेवढं घरच्यांच्या गळ्यात राहिलं होतं. पणजोबांना धाकटीनं पाहिलंही नव्हतं, पण टोपी हातात घेतलेला तो माणूस तिला दिसला. आजच दुपारी हॉटेलात ती तशीच उभी होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज रागावल्यासारखा होता.

"वाजवणाऱ्यानं मान हलवल्याशिवाय पान उलटायचं नसतं. त्यांनी कधी हलवलीच नाही. मग तुझ्या बापानं नाही. मग तू पण नाही."

"तुझं वय झालंय, आत्या. काहीतरी उलटसुलट आठवतं."

"पानं अजून चुकत नाहीत माझी," आत्याआजी म्हणाली आणि तिनं ताट परत मांडीवर घेतलं. चारचे ठोके पडले आणि दारावरची घंटी वाजली.

चार वाजता कार्यक्रमवाला येणार होता, हे धाकटीला माहीतच नव्हतं, आणि बाकीचे दादा सोडून या सगळ्यात विसरले होते. दादा दाराकडे निघाला आणि जाता जाता धाकटीजवळ थांबला. त्यानं हळूच सांगितलं, की पत्रिका छापून झाल्यात, त्याचा हात दगडाखाली अडकलाय, आजचा दिवस तेवढं निभावून घे. धाकटीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिनं चेलो बाहेर काढला.

कार्यक्रमवाला माणूस वाईट नव्हता. चांगले कपडे, हसरा चेहरा, बोलण्यात साखर. आल्या आल्या त्यानं घराचं कौतुक केलं, पियानोचं केलं, आत्याआजीला वाकून नमस्कार केला. मग खिशातून मोजपट्टी काढली. टॉवरच्या लॉबीत कारंजं आहे, त्याच्या आणि फुलांच्या मधे किती जागा उरेल ते बघायचं होतं. त्यानं वहिनीच्या कोपरापासून दादाच्या कोपरापर्यंत मोजलं. मग गुडघ्यावर बसून चेलोची उंची आणि रुंदी मोजली आणि विचारलं, की हे वाद्य याहून लहान आकारात मिळत नाही का. वहिनीला हसू फुटलं ते तिनं खोकल्यात दडवलं.

मोजणी आटोपल्यावर तो खुर्चीत बसला. सांगू लागला, की कार्यक्रम किती मोठा आहे, कोण कोण येणार आहेत, चार कॅमेरे आहेत, तुमचं नाव कुठल्या कुठे जाईल. त्याचं सगळं ऐकून घेऊन धाकटीनं साध्या आवाजात विचारलं, की आम्हा चौघांचं मानधन किती धरलंय.

त्यानं आधी दादाकडे पाहिलं. मग मोजपट्टी गुंडाळत हसला.

"ते होईल हो मॅडम. आधी जरा वाजवून तर दाखवा, मग बोलू."

बाबांनी व्हायोला खांद्याला लावला होता. तो त्यांनी उतरवला.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, आधी वाजवा, मग बोलू."

"जरा मोठ्यानं म्हणा," बाबा म्हणाले. "आमच्या आत्याला कमी ऐकू येतं."

आत्याआजीला तिसऱ्या मजल्यावरून खालच्या बोळातलं ऐकू येत असे. तिनं हात कानामागे धरला. कार्यक्रमवाल्यानं हसतमुखानं, एकेक शब्द सुटा करून ते वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. बाबा चौकटीकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

धाकटीनं गज मांडीवर आडवा ठेवला.

"आधी बोला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

म्हणजे काय ते तिनं सांगितलं. चार खुर्च्या, पाठ असलेल्या. पाणी तुमचं. पुढच्या दारानं येऊ आणि पुढच्याच दारानं जाऊ. दोन तास वाजवू, मधे पंधरा मिनिटं विश्रांती, आणि ऐकू येईल असं वाजवू. मानधन किती ते कागदावर लिहून द्या, आणि तो कागद आला की गज उचलू. कारंजं लावणाऱ्याला तुम्ही म्हणालात का, की आधी पाणी उडवून दाखवा, लोक बघतील, तुमची ओळख होईल? हे सगळं ती न चढलेल्या आवाजात बोलली. आपण काय तोडतोय हे मात्र तिला पुरतं माहीत होतं. दादाची बढती होती त्यात, आणि कदाचित दादाही.

कार्यक्रमवाल्याचं हसू थोडं आखडलं. तो तिच्याशी बोललाच नाही, दादाकडे वळला. "तुम्ही तर साहेबांना म्हणाला होतात, घरचंच आहे."

दादा खाली मान घालून बसला होता. धाकटीनं तोंड फिरवलं. त्याच्याकडे बघणं तिला जमेना. लहानपणी तिची तार तुटली की स्वतःच्या खाऊचे पैसे देऊन नवी आणणारा हाच भाऊ होता. मग तिला व्हायोलिनच्या पेटीचे खटके ऐकू आले, एक आणि दुसरा. दादानं वाद्य आत ठेवून पेटी बंद केली होती.

"घरचंच आहे," दादा म्हणाला. "म्हणून तर घरच्यांना विचारायला हवं होतं. ते राहून गेलं माझ्याकडून. घरचे नाही म्हणतायत."

"पत्रिका छापल्यात, राव. साहेबांना मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. उद्या नऊ वाजता मी स्वतः सांगतो. लिफ्टमध्ये नाही, केबिनमध्ये जाऊन."

कार्यक्रमवाला थोडा वेळ बसला. कुणीतरी हसेल आणि गंमत होती म्हणेल, अशी त्याला आशा असावी. मग त्यानं मोजपट्टी खिशात घातली, सगळ्यांचा सभ्यपणे निरोप घेतला, आणि दारात म्हणाला, की विचार करा, अशी संधी परत येत नाही. वहिनी म्हणाली, सत्तर वर्षांपासून येतेय.

दार लागलं. वहिनी दादाच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिसरी खोली गेली बहुतेक, असं दादा म्हणाला, आणि वहिनी म्हणाली, की बघू, दोन खोल्यांतही तू कुठे सापडतोस, तिसरी कशाला हवी. धाकटीला बाबांशी बोलायचं होतं, पोस्टातल्या त्या बोलण्याबद्दल माफी मागायची होती. तिनं सुरुवातही केली, पण बाबांनी हात वर केला. खरं होतं ते, म्हणाले. खरं होतं, पण पुन्हा म्हणू नकोस.

मग ते चौकटीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांची मान हलली. अगदी थोडीशी, ओळीच्या शेवटी वादकाची हलते तेवढीच.

आत्याआजी उठली होती हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती पियानोच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी. तिनं उजवा हात लांब केला, चौकटीचा कोपरा चिमटीत धरला आणि ती उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून टांगली. मागच्या बाजूला पुठ्ठा कधीच गळून गेला होता. तिथे निळ्या रेशमाच्या गाठी होत्या, लोंबते धागे होते, आणि उलटी अक्षरं होती जी कुणालाच वाचता आली नसती. पणजीनं त्या आठ दिवसांत किती ठिकाणी धागा तोडून पुन्हा जोडला होता, ते सगळं दिसत होतं.

"हात अवघडला होता," आत्याआजी म्हणाली आणि खिडकीत परत गेली.

धाकटीला रडू आलं, आणि ती रडली. बुधवारी मॅनेजर काय कळवेल, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. उद्या नऊनंतर दादाचं काय होईल, तेही नव्हतं. पण जे काही होईल ते होण्याआधी तिनं एकदा विचारलं होतं, टोपी हातात न घेता.

बाबांनी व्हायोला खांद्याला लावला आणि दादाला म्हणाले, पेटी उघड. कशाला, दादानं विचारलं. वाजवायला, बाबा म्हणाले, आता बोलून झालंय. दादानं खटके उघडले. चौघांनी सूर जुळवले, दादानं गजानं खूण केली आणि ते सुरू झाले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी इतकं मोठ्यानं वाजवलंच नव्हतं. धाकटीचा चेलो तर असा घुमत होता, की पियानोवरचा सूचनांचा कागद थरथरून खाली पडला, आणि तो कुणी उचलला नाही.

आत्याआजीनं मटार सोलता सोलता खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

"तो अजून खालीच आहे," ती म्हणाली. "गाडीचं दार उघडून उभा राहिलाय. मान डोलावतोय."

वहिनीला नेमका बारा मात्रांचा विराम होता. तिनं व्हायोलिन मांडीवर ठेवलं, मात्रा मोजत उठली, आणि खिडकी लावून घेतली.